उसाच्या हंगामात स्पोर्ट्स कार : कोल्हापुरात, रोज, घरच्यांसकट

गाडी बघायला जाण्याआधी घराच्या फाटकातला उतार मोजा. रंग, इंजिन, किंमत हे सगळं त्यानंतर. सुताराकडून अडीच मीटरची एक सरळ फळी आणा, तिच्या दोन्ही टोकांखाली एकेक वीट आडवी ठेवा आणि उतार जिथे संपून सपाटी लागते त्या कडेवर ती फळी धरून बघा. अलीकडच्या पोर्शे 911 च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2450 मिमी आहे, म्हणजे ही फळी तुमच्या गाडीचं पोट झाली. मधे कुठे टेकली, तर गाडीही तिथेच टेकणार. माझ्या फाटकात टेकली. गवंडी बोलावून उतार आतल्या बाजूने दोन फूट लांबवून घेतला आणि मगच गाडी आणली. त्या वेळी घरच्यांना ते खूळ वाटलं, पण तेव्हापासून रोज निदान चार वेळा गाडी तिथून आत-बाहेर होते आणि एकदाही घासलेली नाही.

हे लिहितोय ते दोन दारांची, मागे दोन छोट्या सीट असलेली गाडी घेऊन तीच शाळेला, ऑफिसला, बाजाराला वापरू पाहणाऱ्यांसाठी. माझी गाडी जुनी घेतलेली 911 आहे. घरात बायको, नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि आई. कोल्हापूरला गाड्यांचं प्रेम काही आजचं नाही, दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक बघायला दसरा चौकात अजूनही माणसं ताटकळतात. पण हौसेने बघणं वेगळं आणि रोज सकाळी सव्वासातला दोन दप्तरं भरून निघणं वेगळं. त्यातून नोव्हेंबर ते मार्च हा आपल्याकडे नुसता हिवाळा नसतो, गळीत हंगाम असतो. बाकीच्या गोष्टी आठवड्याभरात अंगवळणी पडतात. हंगामाची तेवढी तयारी करावी लागते.

आधी माणसं बसवून बघा

गाडी ठरवायला जाताना मुलांच्या सीट बरोबर घेऊन जा आणि तिथेच बसवा. मागच्या सीटच्या फटीत हात घालून आयसोफिक्सच्या, म्हणजे बालसीट अडकवायच्या, कड्या चाचपा. मग पुढची सीट तुमच्या पायांना लागेल तेवढी मागे घ्या आणि मुलाचे गुडघे कुठे येतात ते बघा. माझी उंची पाच फूट दहा इंच, त्यामुळे धाकटी माझ्या मागे बसते आणि थोरला त्याच्या आईच्या मागे. उलट केलं की कुणीतरी अवघडतंच. तान्हं बाळ असेल तर त्याची मागे तोंड करून लावायची सीट पुढे, चालू एअरबॅगसमोर, कधीही लावू नका. एअरबॅग उघडली तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालसीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब खाली हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, या गाड्यांमध्ये मुलाला मांडीवर घेऊन बसायची सवय पहिल्याच दिवशी मोडायची.

आईचा प्रश्न मोठा होता. पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "अरं, पाटावर बसल्यागत वाटतंय की!" उठताना मात्र गुडघ्यांनी हात टेकले. आम्ही रीत बसवली: दार पूर्ण उघडायचं, आधी पाठ करून सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर, जमिनीवर घट्ट, मग माझा हात. पाय आधी आत टाकून कंबर वळवत बसायला गेलं की गुडघा आणि पाठ दोन्ही धरतात. नेसूची साडी असेल तर दाराच्या उंबऱ्यावर पदर अडकत नाही ना ते बघूनच दार लावायचं. आणि दार लांब असतं, म्हणून भिंतीला चिकटून गाडी लावायची नाही.

माझं मत स्पष्ट आहे: घरात म्हातारं माणूस असेल आणि ही एकच गाडी असणार असेल, तर दोन दारांची घेऊ नका. चार दारांची जोरकस गाडी घ्या. बीएमडब्ल्यूची एम340आय चेन्नईत जुळणी होते, पाच माणसं बसतात आणि डिकीही सेडानची आहे. आमच्याकडे आईच्या दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी जुनी हॅचबॅक ठेवली आहे, म्हणून हे जमतं.

डिकीचं थोडक्यात सांगतो. 911 ची डिकी पुढे असते आणि खोल असते. दोन दप्तरं, डबे आणि भाजीची एक पिशवी आरामात बसते. गुळाचा मोठा रवा, म्हणजे ढेप, आणायचा असेल तर तो एकटाच बसतो.

सकाळची पहिली वीस मिनिटं

परदेशातले लेख वाचून थंडीचे टायर मागवायच्या भानगडीत पडू नका. तिकडे तापमान सात अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर ताठरतं, म्हणून ते टायर बदलतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे साधारण 13 ते 15 अंश असतात, कडाक्याच्या दिवशी थोडे कमी. साध्या परफॉर्मन्स टायरला तेवढं चालतं. ट्रॅकसाठीचे, जवळजवळ गुळगुळीत टायर कुणी जुन्या गाडीवर चढवून दिले असतील तर ते मात्र बदला, कारण ते तापल्याशिवाय धरत नाहीत आणि शाळेपर्यंत ते तापतच नाहीत.

आपल्या थंडीची खरी खोड पहाट आणि दुपार यांच्यातल्या फरकात आहे. पहाटे 14 आणि दुपारी 30 अंश म्हणजे सोळा अंशांचा फरक. साधारण दर साडेपाच अंशांना टायरची हवा एक पीएसआय बदलते, म्हणजे सकाळ-दुपारमध्ये जवळपास तीन पीएसआयचं अंतर पडतं. दुपारी पंपावर बरोबर भरलेली हवा पहाटे कमी भरते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. म्हणून हवा नेहमी सकाळी, गाडी हलवायच्या आधी तपासा. तीन-चारशे रुपयांचा गेज आणि छोटा कंप्रेसर घरी ठेवा. पुढची आणि मागची हवा वेगवेगळी असते, आकडा दाराच्या खांबावरच्या चिकटपट्टीवर असतो. पंपावरच्या पोराला "चारीला सारखी मार" म्हणून मोकळं व्हायचं नाही.

गाडी सुरू केल्यावर पहिलं मिनिटभर इंजिन जरा जोरात घुमतं. गाडीचा धूर शुद्ध करणारा भाग लवकर तापावा म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. गल्लीत सव्वासातला तो आवाज मोठा वाटतो. एक्झॉस्टचा आवाज वाढवणारं बटण बंद ठेवा आणि उभ्या गाडीत दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बसू नका. अर्ध्या मिनिटात निघा, हळू चालवा. पाण्याचा काटा लवकर वर येतो, पण त्याच्यावर जाऊ नका. तेलाचा काटा बघा. तो 80 अंशांवर येईपर्यंत इंजिन तीन हजार फेऱ्यांच्या आत ठेवा. कोल्हापुरात हिवाळ्यात याला दहा ते पंधरा मिनिटं जातात.

आणि नेमकी इथेच शाळेची फेरी गाडीला जाचते. आमच्या घरापासून शाळा तीन किलोमीटर. तेल पुरतं तापायच्या आत गाडी बंद होते. असं रोज झालं की इंजिनात जमलेली ओल आणि न जळलेलं पेट्रोल तेलातच राहतं, बॅटरीही कधी पुरती भरत नाही. उपाय सोपा आहे. आठवड्यातून निदान एकदा मुलांना सोडल्यावर तसंच महामार्गाला लागा आणि कागलपर्यंत जाऊन या. येऊन-जाऊन चाळीसेक किलोमीटर होतात. तेल पूर्ण तापतं आणि एक फेरी फक्त तुमची होते. शिवाय तेल किलोमीटर मोजून न बदलता वर्षाला बदला, मग गाडी चार हजार चाललेली असली तरी.

बॅटरीचा धडा मला पहिल्याच डिसेंबरात मिळाला. चार दिवस गावाला गेलो होतो, सोमवारी सकाळी गाडी मेलेली. माझ्या गाडीची बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि ती डिकी विजेवर उघडते, म्हणजे बॅटरी गेली की बॅटरीपर्यंत पोचायची वाटही बंद. मुलाची चाचणी परीक्षा होती. शेजारच्या काकांनी दोघांना स्कूटरवरून सोडलं. नंतर पुस्तिका वाचली तर फ्यूजच्या डब्यात एक छोटी कडी ओढून बाहेर काढता येते, तिला दुसऱ्या बॅटरीची धन तार आणि गाडीच्या सांगाड्याला ऋण तार लावली की डिकी उघडते. तुमच्या गाडीत ही सोय कुठे आहे ते आजच, उजेडात, बघून ठेवा. गाडी तीन दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर बॅटरी भरलेली ठेवणारा मेंटेनर लावून जा.

गतिरोधक

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, गोलसर हवा. असा गतिरोधक 911 सुखाने ओलांडते. गल्लोगल्ली मिळतात ते अरुंद आणि उभट. त्यांच्यावर सरळ जाऊ नका. रस्ता मोकळा बघून थोडं तिरकं घ्या, म्हणजे एकेक चाक चढेल आणि नाक वाचेल. गाडीत चौघं असताना ती खाली बसते, त्यामुळे एकट्याने केलेली चाचणी खरी धरू नका. जुनी गाडी घेत असाल तर पुढचं नाक उचलणारी लिफ्ट असलेली शोधा. ती साधारण 40 मिमी वर उचलते. तिच्यासाठी जास्त पैसे मोजावे लागले तरी मोजा. चामड्याचे रंग, मोठी चाकं यांच्यावरचे पैसे वाचवा, पण हिच्यावर नको.

चाकांवरून आठवलं. 245/35 लिहिलेला टायर म्हणजे 245 मिमी रुंदीचा आणि बाजूने तिच्या 35 टक्के उंच, म्हणजे जेमतेम 86 मिमी. खड्डा आणि रिम यांच्यामध्ये एवढंच रबर असतं. त्याच गाडीला एक इंच लहान रिम बसत असेल तर तीच घ्या.

ऊस

हा भाग सावकाश वाचा.

स्पोर्ट्स कारमध्ये तुमचे डोळे इतरांपेक्षा फूटभर खाली असतात. भरलेल्या ट्रॉलीतून मागे आलेली उसाची टोकं बरोबर तुमच्या काचेच्या उंचीला येतात. आणि गाडीचे दिवेही खाली असल्यामुळे त्यांचा झोत ट्रॉलीच्या पोटाखालून निघून जातो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गगनबावड्याहून परतत होतो. संध्याकाळचे सात वाजले असतील, कळे गावाच्या अलीकडे. आमच्या पुढे रस्ता रिकामा दिसत होता, खरंच दिसत होता, कारण उजेडात डांबर लांबवर चमकत होतं. मग त्या उजेडात एक दगड आला. पंक्चर झालेल्या ट्रॉलीच्या चाकामागे लावतात तसा. रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, माणूस नाही. ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा उसाची टोकं काचेपासून हातभर अंतरावर होती, आणि त्यातल्या एका टोकाचं वाळकं पान बॉनेटवर टेकून हलत होतं. मागून मुलीने विचारलं, "बाबा, ऊस लागला?" बायको काही बोलली नाही. तिने फक्त माझ्या मनगटावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत तसाच ठेवला.

त्या दिवसापासून घरात नियम आहे. नोव्हेंबर ते मार्च, मुलं गाडीत असताना, अंधार पडल्यावर शहराबाहेर ही गाडी नाही. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून पन्हाळ्याला गेलो तरी पाचला परत उतरायला लागायचं. उशीर होणार असेल तर हॅचबॅक.

दिवसा चालवताना काही गोष्टी हाताला लावून घ्या. ट्रॉलीच्या मागे थांबताना तिच्या मागच्या चाकांचा रस्त्याला टेकलेला भाग दिसला पाहिजे, तो दिसेनासा झाला म्हणजे तुम्ही फार जवळ आहात. चढावर तर दुप्पट अंतर ठेवा. जास्त भरलेल्या ट्रॉलीने ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॉली मागे घसरते. ओलांडताना लक्षात ठेवा की एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात आणि त्याच्या पुढे बहुतेक वेळा आणखी एक ट्रॅक्टर असतो. गाण्याच्या आवाजात ड्रायव्हरला तुमचा हॉर्न ऐकू येत नाही, डिपर द्या आणि त्याने हात केल्याशिवाय निघू नका. तुमच्या गाडीत ताकद आहे म्हणून ओलांडणं लवकर संपतं, हा एवढाच तिचा फायदा. तो फायदा अर्धवट दिसणाऱ्या वळणावर खर्च करायचा नाही.

बैलगाडी आली तर हॉर्नही नको आणि एक्झॉस्टही नको. बैल या आवाजाला बुजतात आणि भरलेल्या गाडीखाली माणूस येतो. वेग बैलांच्या चालीवर आणा, जागा मिळाली की हळू पुढे सरका. कारखान्यांच्या आसपास रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, असतात. बीडसारख्या लांबच्या जिल्ह्यांतून आलेली ती कुटुंबं पाच-सहा महिने तिथेच राहतात आणि त्यांची लहान लेकरं रस्त्याच्या कडेलाच खेळतात. तिथे वीसच्या वर जाऊ नका. आपल्या मागच्या सीटवर आपली दोन आहेत, तशीच ती आहेत.

शेतातून ट्रॅक्टर जिथे रस्त्यावर चढतो तिथे चिखलाचे पट्टे पडलेले असतात. पहाटेच्या दवात त्यावर रुंद टायर साबणावर गेल्यासारखे सरकतात. 911 चं वजन मागे असतं, त्यामुळे वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू बाहेर ओढते. असा पट्टा दिसला की वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात पाय स्थिर ठेवा. स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करायचं बटण आहे हे विसरून जा. रस्त्यात पडलेलं उसाचं कांडं दोन चाकांच्या मधून घ्यायला जाऊ नका. उंच गाडीला ते जमतं. आपल्या गाडीखालचं आच्छादन ते फाडून नेतं.

धुकं म्हणाल तर पंचगंगेच्या काठाने, शिरोलीच्या पुलावर आणि कसबा बावड्याकडे पहाटे दाट असतं. मोठा झोत लावू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते. छोटा झोत, मागचा फॉग दिवा, आणि धुकं संपताच तो फॉग दिवा बंद. आतून काच धुरकटली तर एसी चालू ठेवून गरम हवा काचेवर सोडा, आतली ओल ओढली जाते.

पंक्चर, पेट्रोल, उंदीर

बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनी नसते, फेस भरायचं किट असतं. ते मुदतीत आहे का बघा. गावाकडचा पंक्चरवाला चाक काढून देईल, पण त्याचा जॅक थेट पत्र्याला लावू देऊ नका. उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे मी जॅकच्या जागेचं माप घेऊन गेलो, तो म्हणाला, "ठेवा इथं, संध्याकाळी न्या." नायलॉनचे चार गोल ठोकळे त्याने करून दिले. ते आणि टॉर्क पाना गाडीतच असतात. गाडी ओढायची वेळ आलीच तर साखळी लावून नाही, पूर्ण गाडी वर घेणारा फ्लॅटबेडच मागवा, आणि ओढायची कडी कुठे फिरवून बसवायची ते आधी शिका.

पेट्रोलसाठी टाकीच्या झाकणाच्या आतला ऑक्टेनचा आकडा आणि इथेनॉलची मर्यादा वाचा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि ते इथेनॉल आपल्याच उसापासूनही बनतं. जुन्या गाड्या दहा टक्क्यांसाठी बनलेल्या असू शकतात, मग कोणत्या पंपावर त्या मर्यादेत बसणारं पेट्रोल मिळतं ते शोधून तिथलाच नेम ठेवा. इथेनॉल ओल शोषून घेतं, म्हणून गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा.

ऊस तुटला की शेतातले उंदीर घरांकडे येतात आणि थंडीत त्यांना ऊब हवी असते. मागे तापलेलं इंजिन असलेली गाडी त्यांना सोयीची. पार्किंगमध्ये रात्री एक दिवा चालू ठेवा, आठवड्यातून एकदा इंजिनच्या भागात टॉर्च मारून लेंड्या आहेत का बघा. आणि मागच्या सीटवर भडंग खायला बंदी. सीटच्या फटीत गेलेला एक शेंगदाणा पुरतो.

मार्चमधलं काम

हंगाम संपला की एक दिवस गाडी गॅरेजला द्या. 911 चे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, रस्त्यापासून वीतभर वर असतात, आणि पुढच्या जाळीतून वाऱ्याबरोबर उडालेलं पाचट तिथे जाऊन बसतं. दव, धूळ आणि पाचट मिळून त्याचा जाड थर होतो. थंडीत काही जाणवत नाही. एप्रिलमध्ये मात्र वाहतुकीत अडकलं की तापमान वर जातं आणि एसी थंड करेनासा होतो. बंपर काढून साफ करायचं काम दोन-तीन तासांचं आहे. माझ्या गाडीतून दर वर्षी दोन ओंजळी तरी पाचट निघतं. मोठा कचरा हाताने उचला, मग मऊ ब्रश, मग कंप्रेसरची हवा कमी दाबाने, आतून बाहेरच्या दिशेने. बाहेरून मारली की कचरा पाकळ्यांमध्ये आणखी घट्ट बसतो, आणि त्या पाकळ्या नखानेसुद्धा वाकतात.